सायकल घेतोयस, तर

पैसे मोजू नकोस आत्ता, सुजय. आधी बसून बघ.
सीट दोन बोटं वर घ्यावी लागेल,
मागच्या ब्रेकला थोडी कुरकुर आहे,
घरच्या माणसासारखी. ऐकून घ्यायची.
वेळेला थांबवतो तो.
आणि सायकल घेतोयस तर रस्ताही घे,
तो मी वेगळा विकणार नाही.

शुक्रवारी पावणेपाचला निघायचं.
वादी कबीरमधल्या टायरवाल्यांची शटरं खाली,
मेसमधला एक बल्ब तेवढा जागा.
मत्राहचा कॉर्निश येईपर्यंत बोलायचं नाही,
गुडघ्यांना आपसांत बोलू द्यायचं.
मासळी बाजारापाशी पाणी सांडलेलं असतं,
तिथे हँडल वळवू नकोस.
(मी वळवलं होतं. ही बघ कोपरावरची खूण.)
मग डाव्या हाताला समुद्र,
ऑइल बदलल्यावर ट्रेमध्ये उरतं तसा काळा, जड,
आणि लाकडी होड्या एकमेकींना खेटून
अजून झोपलेल्या.

रियामच्या वळणावर बांग सुरू होते.
एका मशिदीतली दुसरीत पोचेपर्यंत
तुझे दोन गिअर बदलून झालेले असतील.
सिदाबमध्ये हळू.
एवढ्या पहाटे मुलं नसतात, शेळ्या असतात,
आणि रस्ता आपल्यासाठीच केलाय असं त्यांना वाटतं.
सात वर्षांत मला तरी
उलट पुरावा सापडलेला नाही.

मी बार्शीचा. आमच्याकडे समुद्र
नकाशातल्या निळ्या रंगापुरता.
वडिलांच्या सायकलच्या नळीखालून पाय घालून
कैची शिकलो, पांगरीच्या रस्त्यावर,
दोन्हीकडे ज्वारी.
संध्याकाळी निघालेला माणूस
अंधार पडेपर्यंत दिसत राहायचा
इतकं सपाट.
चढ म्हणजे काय ते चव्वेचाळिसाव्या वर्षी कळलं,
कंताबला.

अल बुस्तानच्या चौकातलं जहाज मागे पडलं
की डोंगर अंगावर येतो.
झाड नाही, गवत नाही,
तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखा दगड.
वर बघू नकोस.
चाकापुढचं हातभर डांबर बघ.
ते संपलं की पुढचं हातभर.

पहिल्यांदा मी उतरलोच होतो.
सायकल ढकलत, तोंड लपवत, घामाने आंधळा.
एक पांढरा पिकअप शेजारी आला, मागे सुरमई, बर्फ,
म्हाताऱ्याने हातानेच विचारलं, टाकू का मागे?
मी मान हलवली. नाही.
त्यालाही ते पटलं असावं.
ओलांडून गेला नाही तो. मागे राहिला,
धोक्याचे दिवे लुकलुकत ठेवून,
माझ्या चालीने, पार माथ्यापर्यंत.
बर्फ वितळत होता त्याचा. बाजार निघून चालला होता.
वर पोचल्यावर पाण्याची बाटली दिली,
म्हणाला, शुवय, शुवय.
हळू, हळू. एवढंच.

पिकअप परत कधी दिसला नाही.
चढावर मात्र अजून पाठीवर
ते पिवळे दिवे पडतात.

माथ्यावरून समुद्र एकदम दिसतो.
त्याचं मी सांगणार नाही, ते तुझं तू बघ.
उतारावर दुसऱ्या वळणाला रेती असते, सांभाळ.
खाली शाजूच्या टपरीवर कडक चहा,
माझी उधारी आहे तिथे, साडेतीनशे बैसा,
तेवढी देऊन टाक.

कंपनीने एकोणीस जणांची यादी लावली,
त्यात मी चौदावा.
विमानात तेवीस किलो चालतात.
टायर कालच बदललेत, पंप असाच घे.

हां, आता दे चाळीस रियाल.
आणि एक राहिलं,
त्या चढावर कुणी सायकल ढकलत जाताना दिसला
तर घंटी वाजवू नकोस.
मागे राहा.