दरपत्रकात नसलेला उतारू

मौदाख नदी समुद्राला मिळते तिथे
पाणी दिवसातून दोनदा मत बदलतं.
वेल्समधल्या त्या मुखाशी लाउरीची तर.
पैलतीरावर खांब, खांबाला घंटा.
घंटा वाजली की निघायचं,
बाजारचा दिवस असो की पोटात कळ येत असो.
कायदाच तसा आहे.

नवरा गेला तेव्हा तरीचा हक्क तिच्याकडे आला:
दोन वल्ही, डांबराचं मडकं
आणि भिंतीत मुरून राहिलेला गोरोन्वीचा खोकला.
हक्क म्हणजे काय ते वकिलानं समजावलं,
या पात्रात दुसऱ्या कुणी नाव घालायची नाही,
आणि तू कुणालाही नाही म्हणायचं नाही.
"लग्नासारखंच की," ती म्हणाली.
वकील हसला नाही. दोन शिलिंग घेऊन गेला.

घाटावर चुन्यानं रंगवलेला फळा:
माणसाला एक पेनी. मेंढीला अर्धी.
डुकराला दीड, कारण डुक्कर एका जागी बसत नाही.
घोडा मालकाच्या जबाबदारीवर.
पाद्री फुकट.
(ही शेवटची ओळ पाद्र्यानंच घुसडली असावी.)

मार्चमधल्या एका पहाटे घंटा वाजली.
धुक्यात तिघे भाऊ,
आणि लांबट पेटीत त्यांची आई, आन्घराद,
जिला अलीकडे, माहेरच्या मातीत यायचं होतं.
लाउरीला फळा पाठ होता.
मनात वरपासून खालपर्यंत वाचला.
मेलेल्याचा दर नव्हता.

थोरला म्हणाला, सामान धर, वजनावर घे.
मधला म्हणाला, माणूस आहे ती, पेनी घे.
धाकटा काहीच बोलला नाही,
पेटीवर तळवा ठेवून उभा राहिला,
बुजलेल्या घोड्याला थोपटतात तसा.

गोष्टींमध्ये हा खटला केव्हाच निकाली निघालाय.
तिथे मेलेला जिभेखाली नाणं घेऊन येतो.
नावाडी म्हातारा, दाढीवाला, अबोल.
त्याला बायको नसते, ओले मोजे नसतात,
त्याला शिंकताना कुठल्या कवीनं पाहिलेलं नाही.
कुठे कुठे तर तो ज्ञानी असतो,
नदी त्याला गुपितं सांगते.
लाउरीला नदी काही सांगत नाही.
रातोरात वाळूचे दांडे हलवते
आणि सकाळी साळसूदपणे पडून राहते.

माझ्या भाषेत तर म्हणजे नाव,
आणि जर म्हटलं की मागून येतो तोही तर.
जर उतारू आला, तर.
जर नाव कलली, माल भिजला, तर.
कलमं या दोन तीरांमध्येच ये-जा करतात.
त्या बाईसाठी कुणी जर लिहायचं विसरलं होतं,
आणि लाउरी नुसती तर घेऊन धुक्यात उभी.

ओहोटी लागत होती. वेळ नव्हता.
"लग्न होऊन पलीकडे गेली ना ही," लाउरी म्हणाली,
"तेव्हाच हिच्या बापानं जाऊन-येऊन पैसे भरलेत.
सासऱ्यांच्या वहीत आहे.
परतीची खेप आमच्याकडे राहिली होती. चढवा."

तिनं तिघांच्या तीन पेन्या घेतल्या.
पेटीसाठी मधली फळी मोकळी केली,
जिथे वारा कमी लागतो.

सासऱ्यांना लिहिता येत नव्हतं.
वही कधी नव्हतीच.

पुढे वरच्या अंगाला पूल झाला.
कोर्टानं तीन पानं लिहून ठरवलं
की लाउरीचा हक्क अबाधित आहे.
फक्त उतारू पुलावरून जातात.
नुकसानभरपाई नाही.

आता पैलतीरावर एक मेंढा
घंटेच्या खांबाला पाठ घासतो.
घंटा वाजते.
लाउरी चहाचा कप खाली ठेवते.
मेंढाच असणार, तिला ठाऊक आहे. तरी
वल्ही उचलते,
पाण्याकडे बघते,
भरती अजून अर्धीच आहे.