जवारी

जुलेखा, काल तुझं नवं गाणं दुकानात लावलं.
कामावरचा पोरगा म्हणाला, भाई, स्पीकर फाटलाय.
म्हटलं, फाटला नाही. जवारी आहे ती.
अब्बांनी काढलेली.

तुझ्या मुलाखतींत हे येत नाही.
येतं ते घराणं, वारसा, तीन पिढ्या.
सतारमेकर गल्लीतल्या आपल्या घरात गाणारं होतं कोण?
आपण भोपळे वाळवणारी माणसं.
भीमेकाठून आलेले भोपळे माळ्यावर टांगलेले,
त्यांच्याखाली ओळीनं आपली अंथरुणं,
आणि रात्री उसाचा ट्रक गेला
की पोकळ पोटांनी ते सगळे एकदम हुंकारायचे.
तू झोपेत त्या सुरात सूर मिळवायचीस.
मी लाथ मारायचो.

शब्द आले ते कडेगावहून, अम्मीच्या माहेरातून.
मोहरमचा मेळ. मामूंच्या एका हाताला मुल्ला, एका हाताला माळी,
करबलचं मराठी गाणं,
पाय आपटून आपटून गुडघ्यापर्यंत धूळ.
सात वर्षांची तू थेट मधे घुसलीस.
पोरी गात नाहीत मेळात, कुणीतरी बोललं.
मामू त्या कानानं जरा बहिरेच होते
त्या दिवसापुरते.

मग ती गिटार,
कुपवाडच्या फिटरकडून साडेसातशेला, मानेत भेग.
दुसऱ्या डॉक्टरचा पेशंट तपासावा
तशी अब्बांनी ती उलटीपालटी केली, छेडली,
म्हणाले, "आवाज स्वच्छ आहे."
ही तक्रार होती.
कानस घेऊन घोडी घासली, केसाएवढी,
पुन्हा केसाएवढी,
तारेखाली सुती दोरा सरकवला.
त्या दोऱ्याला आपल्याकडे जीव म्हणतात.
तार आधी चिडली,
मग माशी काचेवर अडकावी तशी भुणभुणली,
मग तू हसलीस.

पुण्यातल्या कॅफेत अकरा माणसं, त्यात चार वेटर.
पहिल्या अल्बमला कंपनीनं तो भुणभुणाट पुसून काढला.
अल्बम खपला.
तो तू घरी आणला नाहीस.
दुसरा कुणी घेतला नाही,
अब्बा पॉलिश करताना रोज तोच लावायचे
आणि चौथ्या गाण्यापाशी हात थांबवायचे.

ते गेले तेव्हा तू शिलाँगला.
त्या रात्री तू गायलीस.
गल्ली बोलली.
मीही बोललो, फोनवर, सगळ्यांसमोर.

तीन वर्षं झाली.
आता गाण्यात तू ट्रक घेतलायस, रात्रीचा, उसाचा,
आणि त्यामागं काहीतरी पोकळ हुंकारतंय,
लोकांना वाटतं मशीन आहे.

आज सकाळी तुझा मेसेज: दोरा संपलाय.
एवढाच.

पाठवतोय. कुरिअरवाल्याला दोनदा बजावलंय.
अब्बा लाल वापरायचे,
बाजारात पांढराच मिळाला.
तेवढं चालवून घे.