वंगण

विक्रोळीत मागायची हिंमत नव्हती.
कन्नमवार नगरातले सगळे केमिस्ट
मला माझ्या बीपीच्या गोळीवरून ओळखतात,
आणि त्यातल्या एकाची बायको माझ्याच भिशीत आहे.
म्हणून बस धरून मुलुंडला.

खिडकीशी बसून वाक्य घोकलं होतं.
काउंटरवर तेवढंच निम्मं आलं,
"ते... कोरडेपणासाठी..."
पोरगा म्हणाला, डोळ्यांच्या का, मावशी?
मागे खोकल्याच्या औषधासाठी उभे असलेले आजोबा
माझ्या उत्तराची शांतपणे वाट बघू लागले.
मी म्हटलं, हो, डोळ्यांच्या.
एकशे चाळीस रुपयांचे थेंब घेऊन बाहेर आले,
उसाचा रस प्यायले,
परत आत गेले
आणि मर्चंट डॉक्टरांची चिठ्ठी
पत्त्यासारखी उलटी टाकली काचेवर.

पोराने दोन खोकी आणली,
एक पाण्याचं, एक सिलिकॉनचं.
डॉक्टर म्हणाल्या होत्या,
पाण्याचं धुवायला सोपं, पण मधेच सुकतं,
मग पुन्हा घ्या, पुन्हा घ्या.
सिलिकॉन अंगात मुरत नाही, वर राहतं,
टिकतं. थोडंच लागतं.
फक्त सिलिकॉनच्या वस्तूंना लावू नका, खराब होतात.
मी म्हटलं होतं, खोबरेल?
आमच्याकडे ते सगळ्याला चालतं.
त्या हसल्या. सगळ्याला नाही चालत.
सुगंधाचं घेऊ नका, झोंबेल.
थंडावा देणारं तर नकोच.

मी सिलिकॉनचं उचललं.
महाग होतं.
पोराने कागदी पिशवीचं तोंड
दोनदा दुमडलं, न सांगता.
भलं होवो त्याचं.

दीड वर्षं आम्ही पाठीला पाठ लावून झोपलो.
भांडण नव्हतं.
दुखतं, हे मी म्हटलं नाही.
उल्हासने जवळ घेणं सोडलं.
त्याला वाटलं मी त्याला विटले,
मला वाटलं तो वयाला.
आणि दोघांच्या मधे
दर रात्री घडी घातलेली एक जास्तीची चादर,
गारठा नसतानाही.

एकतीस वर्षं टूलरूममध्ये होता तो.
बाटली हातात दिली तर
चष्मा लावून ट्यूबलाइटखाली गेला,
मागची बारीक अक्षरं ओठ हलवत वाचली.
डायमेथिकोन, म्हणाला, हां.
घट्टपणाचा आकडा कुठेच दिला नाहीये, म्हणाला.
मग एक थेंब
अंगठा आणि बोटाच्या मधे घेतला,
घासला, ताणला, उजेडात धरला,
हजार तेलं तपासलेल्या हाताने.
"चांगलं आहे. बसणार नाही लगेच."

आणि वर म्हणतो,
कोरडं चालवलं तर दोष यंत्राचा नसतो.
मी म्हटलं, मी यंत्र नाही.
तो गप्प झाला.
बराच वेळ बोट पुसत राहिला बनियनला.
मग म्हणाला,
यंत्र आवाज तरी करतं गं.
तू तर आवाजसुद्धा केला नाहीस.

नंतरचं काही सांगत नाही.
एवढंच, की घाई नव्हती,
की तो दर थोड्या वेळाने विचारत होता,
बरंय? दुखत नाही ना?
आणि मी पहिल्यांदा
खरी उत्तरं देत होते,
"थांब" हेसुद्धा.

एक थेंब फरशीवर सांडला होता.
पहाटे मोरीकडे जाताना तो त्यावरून घसरला,
दाराची चौकट धरून वाचला.
कारखान्याच्या सवयीने आधी भुसा शोधला,
मग दोघांनी भांड्यांच्या साबणाने
ओणवं बसून फरशी घासली
आणि इतके हसलो
की वरच्या मजल्यावरच्या कदमवहिनींनी
सकाळी विचारलं, पाहुणे आलेत का?

चादरीवरचा डाग मात्र हट्टी.
पुढच्या वेळी जुना टॉवेल.

बाटली कपाटात आहे.
उघडल्याची तारीख त्याने मार्करने टाकली आहे,
ग्रीसच्या डब्यांवर टाकायचा तशी.
सून कधी कपाट आवरते, म्हणून खाली
सुवाच्य अक्षरात लिहिलंय, शिलाई मशीन.

आमच्याकडे शिलाई मशीन नाही.