वीस तास

व्हिसा म्हणतो, आठवड्याला वीस तास.
त्याहून जास्त हातांना काम द्यायचं नाही.
मी ते सगळे प्रिचर्ड आजोबांवर खर्चते,
बर्मिंगहॅमच्या त्या वृद्धाश्रमात
जिथे हीटर कायम चालू
आणि खिडक्या चारच बोटं उघडतात.

ते दर वेळी विचारतात, तू कुठली?
दर वेळी विसरतात.
म्हणून मी गावं बदलत गेले.
एकदा मिरज, एकदा रोम,
एकदा तर समुद्राच्या तळाची झाले.
ते म्हणाले, लांबच आहे की.

आज असाइनमेंट अर्धी टाकून गेले होते.
डोळ्यांवर झापड. मोजे चढवताना
पुन्हा तेच, तू कुठली?
तोंडातून निघून गेलं, जिंतूर.
कित्येक दिवसांत हा शब्द मोठ्याने उच्चारला नव्हता.

त्यांनी तो कवळी नसलेल्या तोंडात घोळवला.
जिन्... टू...
मग डावा पाय पुढे करत म्हणाले,
आज लवकर नीघ बाई,
अंधाराच्या आत पोचशील.

साडेचारला बाहेर आले तेव्हा
अंधार केव्हाच पडला होता.
बस सहा मिनिटांवर.
या आठवड्याचा एक तास शिल्लक.
थांब्यावर नाही थांबले,
चालत सुटले.