कर्ता

डंडीत साडेतीनलाच अंधार पडतो.
वर्गात बॉयलरचं प्रकरण:
सात सह्या, एक फुटलेला व्हॉल्व्ह,
आणि कंपनीचं पत्र, ‘निर्णय घेण्यात आला.’
कोणी घेतला? गेडिस बाई विचारतात
चष्म्यावरून बघत.

मला शाळेतला कर्मणी प्रयोग आठवतो.
आमच्या घरी कप कधी कोणी फोडला नाही,
कप फुटायचे.
दूध उतू जायचं, पैसे खर्च व्हायचे.
मी हात वर करून बरंच बोलले
जबाबदारीवर. बाईंनी मान डोलावली.

रात्री पर्थ रोडच्या दुकानात
फ्रिजचा तक्ता: दर तासाला तापमान, पुढे सही.
मी सोमवारीच आठवड्याचं लिहून टाकते,
चार, चार, चार, चार,
प्रत्येक चारपुढे नी. दे.
सगळेच करतात. म्हणजे, तसं केलं जातं.

आज सहज उघडून पाहिलं. काटा नवावर.
आत कोळंबीच्या सँडविचची अकरा पाकिटं.
सहाला बारा होती. एक विकलं गेलं

मी विकलं. एका म्हाताऱ्याला, त्याची चिल्लर मोजून घेत.

गुरुवारचा चार खोडायला पेन टेकवते.
पुढे सही आहे, वळणदार,
शाई केव्हाच वाळलेली.