बिजागरी

दांडिया बाजारात जिन्याखाली माझं दुकान,
आठ बाय सहा.
पाटीवर लिहिलंय: लॅपटॉप दुरुस्ती.
खाली रंगाऱ्याने जागा सोडली होती,
म्हणाला, पुढेमागे काही वाढवायचं झालं तर.
अकरा वर्षं ती जागा तशीच आहे.

समोरच्या औषधवाल्याचा केतुल येतो,
काउंटरवर टॅबलेट ठेवतो,
निरांजन ठेवावं तसा अलगद,
आणि म्हणतो, काका, तुमचा धंदा आता दोन वर्षांचा.
गेल्या वर्षीही दोनच म्हणाला होता.

मी ऐकतो. हातात सुळेबाईंचा लॅपटॉप,
जेमतेम किलोचा, मिटला की वहीएवढा,
बिजागरी तुटलेली.
हलक्या यंत्रांचं हे असंच.
पातळ करत करत सगळं पातळ होतं,
सोसायचं तेवढं तेवढंच राहतं.
दिवसातून चाळीस वेळा उघडमीट,
आणि तिचा सगळा भार
नखाएवढ्या दोन पत्र्यांवर.
माझं घर त्या नखांवर चाललंय.

सुळेबाई कोर्टाचे कागद
गुजरातीतून मराठीत आणतात.
क आणि र शेजारी शेजारी बसतात त्यांच्याकडे,
दोन्ही कळांवरची अक्षरं झिजून गेलीत.
कळा काढल्या की खाली सापडतं
सेवउसळीतल्या शेवेचं टोक, उदबत्तीची राख,
एक पांढरा केस.
मी ब्रशने झाडतो, काही बोलत नाही.
टॅबलेटखाली असलं काही सापडत नाही.
काच पुसली की माणूसही पुसला.

हे मी शलाकाला ऐकवलं.
ती चित्रकलेच्या दुसऱ्या वर्षाला,
मांडीवर टॅबलेट, हातात पेन,
न्यायमंदिराच्या कमानी उतरवत होती.
म्हणाली, बाबा, तुझ्या लॅपटॉपवर
एक रेघ काढून दाखव.
मी माउस धरला.
रेघ आली ती थेट
भूल उतरताना केलेल्या सहीसारखी.
ती हसली नाही, त्याचं जास्त लागलं.

उत्तरायण झालं, वासी झालं.
सोळा तारखेला सकाळीच केतुल धावत आला:
काका, स्क्रीन मेली!
मी स्क्रीन पाहिली नाही, हात पाहिले.
दोन्ही तर्जन्यांना पट्ट्या,
मांज्याने चिरलेल्या.
म्हटलं, काचेला कातडी लागते रे,
चिकटपट्टीला ती ओळख देत नाही.
करंगळीने दाब.
त्याने दाबलं, दिवे लागले.
दुपारी सुळेबाई आल्या, बोटाला तशीच पट्टी,
त्या बोटाने क लिहिला, र लिहिला,
लॅपटॉपने काही विचारलं नाही.
केतुल त्या दिवशी दोन वर्षांचं बोलला नाही.

पण हे जिंकल्यासारखं सांगू नये.
मार्चमध्ये माल मागवताना
दरवर्षी पन्नास लिहायचो
तिथे माझ्याच हाताने तीस लिहिलं
आणि पेनाचं टोपण बराच वेळ सापडेना.

मग परवा केतुल पुन्हा.
टॅबलेटला आता घडीचं कव्हर,
कव्हरात कीबोर्ड, मागे टेकू.
त्याच्याच दुकानातल्या काट्यावर आम्ही वजन केलं:
सुळेबाईंच्यापेक्षा साठ ग्रॅम जास्त.
तो कानामागे खाजवत राहिला.
कव्हर नेमकं घडीवर फाटलेलं,
रोजच्या उघडमिटीने.
माझ्याकडे त्या मापाची बिजागरी नाही.
कुणाकडेच नसते, ते कापड आहे.
कोपऱ्यावरच्या मोच्याकडून
दुहेरी दोऱ्याने शिवून आणलं.
चाळीस रुपये. मी माझे दहा लावले.

शलाका म्हणते, पाटीवरच्या रिकाम्या जागेत
मीच लिहून देते.
काय लिहिणार, ते मी विचारलेलं नाही.
जिन्यावर रंगाचा डबा उघडा आहे,
आणि ब्रश कालपासून भिजत पडलाय.