छंद : वाचन

बस, शीतल. पेनड्राइव्ह दे.
‘छंद : वाचन’ या आठवड्यात
एकवीस जणांचा छापलाय मी.
तू खरं काय करतोस?
सुट्टीत सांगलीच्या यार्डात हळदीची पोती मोजलीस,
वजनातली चूक धरलीस,
शेठ आठवडाभर बोलले नाहीत —
ते लिही.

कुपवाडच्या साहेबांसमोर
मेहनती, प्रामाणिक म्हणू नकोस,
कागदावर सगळेच असतात.
येत नाही ते येत नाही म्हण
आणि मग गप्प बस जरा.
नखं पिवळी? असू देत.

हे ‘कुमारी’ काढलं बघ नावापुढचं.
मागच्यांनी बाई समजून बोलावलेलं ना?

चार प्रती. पैसे पहिल्या पगाराला.

माझाही बायोडेटा आहे या मशीनमध्ये,
दोन हजार नऊचा.
फॉन्ट जुना. उघडला की
नुसते चौकोन दिसतात.